आकाशातला टॉवर परवडतो का?

परवा भाचीने विचारलं, "मामा, दुर्गम गावांसाठी टॉवर आकाशातच का टांगत नाहीत?" मी दूरसंचार क्षेत्रात काम करतो, त्यामुळे हा माझा अगदी आवडीचा विषय!

टांगले होते की. अल्फाबेटच्या 'लून' कंपनीने जुलै 2020 मध्ये टेल्कॉम केनियासोबत फुग्यांवरून 4जी सेवा सुरू केली. सुमारे 35 फुगे, 20 किलोमीटर उंची, जवळपास 50,000 चौरस किलोमीटर परिसर. तंत्र चाललं, पण जानेवारी 2021 मध्ये प्रकल्प गुंडाळल्याची घोषणा झाली.

अडलं ते हिशोबात. फुगा एका जागी थांबत नाही. हव्या त्या दिशेचा वारा मिळेपर्यंत तो वर-खाली करत राहतो, तरी वाहून जातोच. म्हणून एकाच भागासाठी फुग्यांचा ताफा लागतो. शिवाय काही महिन्यांनी प्रत्येक फुगा उतरवायचा आणि नवा सोडायचा. जमिनीवरचा टॉवर एकदा उभारला की वर्षानुवर्षं कमावतो.

आणि खाली गिऱ्हाईक कोण? विरळ वस्ती, बेताची कमाई. अनेकांना 4जी फोनच परवडत नाही.

माझ्या मते हे तंत्र आपत्तीत खरं उपयोगी. 2017 च्या वादळानंतर प्वेर्तो रिकोमध्ये याच फुग्यांनी लोकांना नेटवर्क दिलं.