शेंद्र्याची स्कोडा आणि आपल्या दारातली मोटार

रविवारी सकाळी पडेगावात दौलताबादच्या रस्त्यावर अर्धा तास उभे राहिले, की देशात सध्या कोणत्या मोटारी खपतात याची हजेरी घेता येते. वेरूळला, खुलदाबादच्या दर्ग्यांना, म्हैसमाळला जाणारे सगळे याच रस्त्याने जातात. माळीवाड्याहून समृद्धी महामार्ग धरणारेही आता त्यांत मिसळले आहेत. मारुती तर मोजायच्याच सोडून द्याव्यात. त्यांच्या मागे ह्युंदाई, टाटा, महिंद्रा आणि बायका-पोरांनी खच्चून भरलेली एखादी इनोव्हा. स्कोडा मात्र शोधावी लागते. तिचा कारखाना याच शहराच्या दुसऱ्या टोकाला, जालना रोडवर शेंद्र्याला आहे आणि तो २००१ पासून चालू आहे. कारखाना गावात असून गाडी गावात का दिसत नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलेला आहे.

एका बाईला, त्यातही मराठी-उर्दू शिकवणाऱ्या बाईला, मोटारींचे एवढे काय पडले आहे, असे शाळेत विचारतात. त्याला अब्बा कारणीभूत. ते एसटीच्या चिकलठाण्याच्या कार्यशाळेत फिटर होते. बोनेट उघडे दिसले की आम्हा भावंडांना जवळ बोलावून कुठला भाग काय करतो ते सांगायचे. पुढे नोकरी लागली, पगार आला, पण शौक तोच राहिला. मोटारींची मासिके वाचते, भावाच्या गॅरेजात बसून ऐकते आणि मनातले बोलून दाखवते.

स्कोडाची कहाणी भाषेच्या शिक्षकाला आवडावी अशीच आहे. आजच्या चेक देशातल्या म्लादा बोलेस्लाव गावात वाक्लाव क्लेमेंट नावाचा पुस्तकविक्रेता होता. त्याची सायकल बिघडली. सायकल जर्मन कंपनीची होती. त्याने आपल्या चेक भाषेत तक्रार लिहून पाठवली. उत्तर आले, की आम्हांला कळेल अशा भाषेत लिहा. क्लेमेंट चिडला. वाक्लाव लॉरिन नावाच्या कारागिराला बरोबर घेऊन १८९५ मध्ये त्याने स्वतःच सायकली दुरुस्त करायला आणि बनवायला सुरुवात केली. आपल्या सायकलीचे नाव त्यांनी ठेवले स्लाव्हिया. १९०५ मध्ये त्यांची पहिली मोटार निघाली. १९२५ मध्ये पिल्झेनच्या बलाढ्य स्कोडा कारखान्याने ही कंपनी आपल्यात घेतली आणि नाव स्कोडा झाले. चेक भाषेत या शब्दाचा अर्थ होतो नुकसान, हळहळ, 'अरेरे'. जुनी स्कोडा विकायला काढलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांना मी हे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "बाजी, ये तो पहले बोलना था!"

साम्यवादी राजवटीत युरोपात स्कोडा हा टिंगलीचा विषय झाला होता. १९९१ पासून जर्मनीच्या फोक्सवॅगनने ती हळूहळू ताब्यात घेतली आणि तिचा चेहरामोहरा बदलला. योजना साधी होती. यंत्रे फोक्सवॅगनची, घडण जरा मोकळी, किंमत थोडी कमी. युरोपात स्कोडा म्हणजे शिक्षकाची, पोस्टमास्तरची, चार माणसांच्या कुटुंबाची गाडी झाली.

आपल्याकडे नेमके उलटे झाले. शेंद्र्याला पहिली ऑक्टेव्हिया बाहेर पडली तेव्हा ती शिक्षकाची नव्हती, डॉक्टरांची, बिल्डरांची आणि पुढाऱ्यांची होती. तिचे भाग पेट्यांतून यायचे आणि इथे जोडले जायचे. अशा सुट्या संचावरचा आयातकर धरला की किंमत आपोआप वर जाते. गाडी उत्तम होती, यात शंका नाही. डिझेल इंजिन ताकदीचे आणि कमी पिणारे. दार लावले की बँकेच्या तिजोरीसारखा आवाज. आणि आमच्यासारख्यांना आवडावी अशी खास गोष्ट म्हणजे मागची डिकी. दिसायला चारचौघींसारखी, पण उघडली की काचेसकट सगळा मागचा भाग वर उचलला जायचा. ५२८ लिटरची ती जागा म्हणजे ईदला गावी जाणाऱ्या कुटुंबाच्या बॅगा, वर पाहुण्यांसाठी घेतलेला मिठाईचा खोका, आणि तरी उरायची. मोठ्या सुपर्बच्या मागच्या दारात तर छत्री ठेवायला खास खाच होती. याला मी डिझाइन म्हणते. समोरचे दिवे वटारलेल्या डोळ्यांसारखे करणे आणि जाळीवर अर्धा किलो क्रोमियम चढवणे, याला नाही.

मग नावांचा घोळ झाला. २००५ च्या सुमारास ऑक्टेव्हियाची नवी पिढी आली. जुनी ऑक्टेव्हिया अजून खपत होती, म्हणून कंपनीने दोन्ही ठेवल्या. नवीला भारतात लॉरा हे नाव दिले आणि जुनी त्याच नावाने विकत राहिली. २०१३ मध्ये तिसरी पिढी आली तेव्हा पुन्हा ऑक्टेव्हिया. म्हणजे मधली एक पिढी वेगळ्याच नावाची. जगभर एका नावाने ओळखल्या जाणाऱ्या गाडीची ओळख आपल्याकडेच तुटली. घरात मधल्या मुलाला वेगळे आडनाव लावावे, तसे हे. टोयोटाने काय केले बघा. क्वालिस भरात असताना २००५ मध्ये ती बंद केली आणि इनोव्हा आणली. लोक हळहळले, पण टोयोटा या नावावरचा विश्वास तसाच पुढे गेला.

त्यात सेवेची ख्याती बिघडली. सुटे भाग महाग, शोरूमचे बिल आणखी महाग. सात गतींच्या डीएसजी गिअरबॉक्सच्या तक्रारी जगभर झाल्या आणि २०१३ मध्ये फोक्सवॅगन समूहाला अनेक देशांतल्या गाड्या परत बोलवाव्या लागल्या. २०१५ मध्ये डिझेल इंजिनांच्या धुराच्या चाचणीतली लबाडी उघड झाली, तेव्हा भारतातल्याही तीन लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी बोलावल्या गेल्या आणि त्यांत स्कोडा होत्या. आपल्या घरांत मोटार घेताना अम्मीपासून मामूंपर्यंत सगळे एकच विचारतात, 'विकताना किती येतील?' या प्रश्नावर स्कोडा मार खाते. आठ-दहा वर्षांची सुपर्ब साध्या छोट्या गाडीच्या भावात मिळते. पोरे ते बघून हरखतात. भावाच्या गॅरेजात असा एक तरी तरुण दर महिन्याला येतो. 'भाई, इतनी बडी गाडी, इतने सस्ते में!' भाऊ त्याला बसवतो, चहा पाजतो आणि फक्त क्लच बदलायचा खर्च कागदावर लिहून दाखवतो.

पण माझी खरी खंत गाडीची नाही, शेंद्र्याची आहे. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा मोठा कारखाना पुण्याजवळ चाकणला सुरू झाला. तिथे पत्रा दाबण्यापासून सांगाडा जोडून रंग देण्यापर्यंत सारे होते. जास्त खपायच्या गाड्या तिथे गेल्या. शेंद्र्याला उरले ते महागड्या गाड्यांची जोडणी. सुपर्ब, कोडियाक, ऑडी. कागदावर हे मोठे मानाचे दिसते. आमचे शहर ऑडी बनवते! पण पेटी उघडून जोडण्यात आणि पत्र्यापासून घडवण्यात फरक आहे. जिथे हजारोंनी गाड्या घडतात तिथे आसनवाले, तारांच्या जुडग्यावाले, रबरवाले, काचवाले येऊन वसतात आणि आयटीआय झालेल्या पोरांना शंभर दारे उघडतात. वाळूजला बजाजच्या मागे असेच शेकडो छोटे कारखाने उभे राहिले, त्यांवर या शहरातली कितीतरी घरे चालली आणि अजून चालतात. शेंद्र्याच्या मोटारींमागे तेवढा गोतावळा आला नाही. दूर देशातल्या एका बैठकीत कुणी ठरवते, कुठली गाडी कुठल्या दर्जाची म्हणून विकायची, आणि इथे कुणाच्या मुलाला नोकरी लागायची की नाही ते त्यावर ठरते.

सुट्या भागांचा हा हिशेब आता कोर्टातही गेला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सीमाशुल्क खात्याने कंपनीला सुमारे १.४ अब्ज डॉलरची नोटीस काढली. जवळजवळ अख्ख्या गाड्याच सुटे भाग म्हणून वेगवेगळ्या खेपांत आणल्या आणि कमी कर भरला, असा खात्याचा आरोप. कंपनीने तो नाकारला आणि मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली.

एक गोष्ट कबूल करायला हवी. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या 'इंडिया २.०' योजनेनंतर कंपनी शहाणी झाली. समूहाने एक अब्ज युरो गुंतवून भारतासाठी वेगळा सांगाडा तयार केला आणि बहुतेक भाग इथेच बनवायला घेतले. २०२१ मध्ये कुशाक आली, २०२२ मध्ये स्लाव्हिया. तीच पहिल्या सायकलीची स्लाव्हिया. त्या वर्षी स्कोडाने भारतात प्रथमच पन्नास हजारांचा टप्पा ओलांडला. ग्लोबल एनकॅपच्या टक्कर चाचणीत कुशाकला मोठ्यांसाठी ३४ पैकी २९.६४ आणि लहान मुलांसाठी ४९ पैकी ४२ गुण मिळाले, दोन्हीकडे पाच तारे. बहिणींनो, हा मुलांचा आकडा आधी बघत जा. नवीन गाडीच्या रंगावर घरात आठवडाभर वाद होतात आणि तान्हे बाळ मात्र पुढच्या आसनावर आईच्या मांडीवर! समृद्धीवर ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगात मांडीवरचे मूल कुणाच्याही हातांत राहत नाही. मागे मुलाचे आसन अडकवायची सोय आणि मधल्या प्रवाशालाही तीन ठिकाणी बांधणारा पट्टा आहे का, हे सनरूफच्या आधी विचारा.

नोव्हेंबर २०२४ मध्ये आली कायलाक. तिचे नाव कंपनीने लोकांकडूनच मागवले होते. अट एवढीच, की पहिले अक्षर के आणि शेवटचे क्यू. कोडियाक, कुशाक, कायलाक ही सारी त्याच साच्यातली. शेवटचा क्यू म्हणजे आपला क़ाफ. वर्गात मी तो घशातून काढून दाखवते, पण आमची दखनी जीभ त्याचा थेट ख करते. कलमचे खलम, कब्रस्तानचे खबरस्तान. तेव्हा पडेगावात ती कुशाख आणि कायलाखच होणार.

कायलाकची लांबी ३,९९५ मिलीमीटर आहे. हा आकडा योगायोगाचा नाही. चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत असेल, तर आपल्याकडे कर कमी लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि मोठ्यांवर ४०. भारतातल्या गाड्यांचे रूप पाच-पंचवीस चित्रकारांनी घडवले नाही इतके या एका नियमाने घडवले. आठवा २००८ ची इंडिगो सीएस, चांगल्या लांब गाडीची डिकी करवतीने कापल्यासारखी. स्विफ्ट डिझायर आधी चार मीटरहून लांब होती, २०१२ मध्ये तिचेही शेपूट छाटले गेले. छान वाढलेल्या मुलाला जुन्या गणवेशात कोंबावे तशा त्या दिसत. कायलाकचा चौकोनी आकार त्या मानाने प्रामाणिक वाटतो. जागा हवी तर पेटीसारखी करा, उगीच मागे शेपटीचे सोंग नको.

प्रामाणिकपणाचाच विषय निघाला तर वाळूजच्या क्यूटची आठवण होते. बजाजने २०१२ मध्ये आरई-६० म्हणून दाखवलेली ही चारचाकी. मागे २१६ सीसीचे इंजिन, वेग ताशी सत्तर, वजन साडेचारशे किलोच्या आसपास. रिक्षापेक्षा सुरक्षित, मोटारीपेक्षा स्वस्त. परवानगीची वाट बघण्यात वर्षे गेली. महाराष्ट्रात ती २०१९ मध्ये विक्रीला आली तोपर्यंत बाहेर देशांत धावत होती. रिक्षावाल्याला ती महाग वाटली आणि मोटारवाल्याला कमीपणाची. नावही असे गोंडस, की कमावत्या माणसाने सांगायला लाजावे. तरी मला ती आवडते. कामापुरतीच बनवलेली वस्तू आहे ती.

आणि याच शहराने ऑक्टोबर २०१० मध्ये एका झटक्यात दीडशे मर्सिडीज विकत घेतल्या होत्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा. त्यातले ४० कोटींहून अधिक स्टेट बँकेने सात टक्के व्याजाने दिले, तेव्हा ट्रॅक्टरच्या कर्जाला बारा टक्के पडत होते. देशभर बातमी झाली. त्या दीडशेंतली एकही इथे बनलेली नव्हती.

आता टोयोटा येते आहे. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारशी करार झाला आणि सुमारे २०,००० कोटींची गुंतवणूक जाहीर झाली. शाळेत दहावीची मुले विचारतात, "मॅडम, आयटीआयला कोणता ट्रेड घेऊ?" मी त्यांना फिटर आणि वेल्डरबरोबर इलेक्ट्रिशियन आणि इलेक्ट्रॉनिक्सही बघायला सांगते, कारण पुढच्या गाड्यांत इंजिनाइतकाच बॅटरी आणि तारांचा कारभार असणार आहे. आणि करारातली एक ओळ मी स्वतः शोधते आहे, बिडकीनला पत्रा दाबला जाणार की पेट्या उघडल्या जाणार.