अध्यापक विद्यालयाचे अनुदान आणि आपला विद्यार्थी

बारावीचे निकाल लागले की समाजातील पालक आमच्याकडे चौकशीला येतात. शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींच्या पालकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. कॉलेज अनुदानित आहे, म्हणजे फी लागणार नाही ना? किंवा, कॉलेज विनाअनुदानित आहे, म्हणजे शिष्यवृत्ती मिळणार नाही ना? हे दोन्ही समज बरोबर नाहीत, आणि त्यापायी दरवर्षी काही मुलांचे वर्ष वाया जाते. म्हणून हा विषय स्मरणिकेत थोडा विस्ताराने मांडत आहोत.

अनुदान हे संस्थेला मिळते, शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला. अनुदानित अध्यापक विद्यालयात प्राध्यापकांचे पगार शासन देते, त्यामुळे तेथील फी कमी असते. पण ती माफ नसते. विनाअनुदानित विद्यालयाचा सारा खर्च फीमधून भागतो, म्हणून फी जास्त असते. मात्र अशा मान्यताप्राप्त विद्यालयात नियमाप्रमाणे प्रवेश घेतलेल्या आपल्या विद्यार्थ्याचा शिष्यवृत्तीचा हक्क जात नाही.

हा फरक आजचा नाही. १८५४ च्या वुडच्या खलित्याने आपल्या देशात अनुदानाची पद्धत आणली. शिक्षक तयार करण्यासाठी नॉर्मल स्कूल काढावेत आणि तेथे शिकणाऱ्यांना विद्यावेतन द्यावे, हेही त्याच खलित्यात होते. अनुदानाच्या अटी मात्र अशा, की शाळेला चांगले स्थानिक व्यवस्थापन असावे, मुलांकडून काही फी घ्यावी आणि सरकारी तपासणी मान्य करावी. म्हणजे ज्यांच्याकडे जागा, पैसा आणि चालक आधीच होते, त्यांनाच सरकारचा पैसा मिळणार. ज्यांच्या वस्तीत शाळा काढणाराच कोणी नव्हता, त्यांच्या वाट्याला या व्यवस्थेतून काय येणार?

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे नेमके या दुखण्यावर बोट ठेवले. प्राथमिक शाळांतील शिक्षक बहुतेक ब्राह्मण आहेत, ते शेतकरी वर्गातून तयार करावेत, त्यांना प्रशिक्षण द्यावे आणि प्रशिक्षित शिक्षकाला किमान १२ रुपये पगार द्यावा, अशी त्यांची मागणी होती. शिक्षक कोणाच्या घरातून येतो, यावर शाळेत कोण टिकतो हे ठरते, हे त्यांनी ओळखले होते. पुढे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९३५ साली साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी अध्यापक विद्यालय काढले, त्यामागेही हाच विचार दिसतो.

बाबासाहेबांनी मात्र दुसरी बाजू धरली. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये, त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले आणि त्यात उच्च शिक्षणासाठी पैशाची मागणी केली. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू आहे, ती या प्रयत्नांतून. १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीही स्थापन केली. संस्था हवी आणि विद्यार्थ्याच्या हातात पैसाही हवा, अशी ही दुहेरी दृष्टी होती.

१९५६ च्या धर्मांतरानंतर केंद्राच्या यादीत बौद्धांना स्थान राहिले नाही. महाराष्ट्र शासनाने राज्याच्या सवलती नवबौद्धांना दिल्या, पण केंद्राची दारे उघडली ती १९९० च्या कायदादुरुस्तीने. आजच्या विद्यार्थ्यांना ही शिष्यवृत्ती सहज वाटते. त्यामागे चौतीस वर्षांची लढाई आहे.

आता आजची स्थिती. २००० नंतर महाराष्ट्रात विनाअनुदानित डी.एड. विद्यालयांचे पीक आले. २०१२ साली शिक्षकभरती थांबली, विद्यालये ओस पडली, अनेक बंद झाली. पदविका घेऊन घरी बसलेली कितीतरी मुले आपल्याच वस्त्यांत आहेत, तेव्हा पालकांची भीती आम्ही समजू शकतो. पण चित्र थोडे बदलले आहे. ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही. म्हणजे प्राथमिक शिक्षकासाठी डी.एड. (आताचे डी.एल.एड.) आणि त्यावर टीईटी हाच मार्ग राहिला. ज्याला लहान मुलांना शिकवायचे आहे त्याने प्रतिष्ठेपायी बी.एड.च्या मागे लागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. या पदविकेच्या प्रवेशासाठी राखीव प्रवर्गाला बारावीत ४४.५ टक्के गुण लागतात.

शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. उत्पन्न त्याहून अधिक असेल तर फ्रीशिपची योजना आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरायचा. प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतूनच घ्यावा. व्यवस्थापनाच्या कोट्यातून घेतलेल्या जागेला ही सवलत मिळत नाही. कोणी एजंट "जागा मिळवून देतो, शिष्यवृत्तीही होईल" म्हणाला तर त्यावर विश्वास ठेवू नये.

खरी अडचण पैसा येण्याच्या वेळेची आहे. प्रवेश पावसाळ्यात होतो आणि शिष्यवृत्तीची रक्कम कित्येकदा वर्ष संपत आले तरी खात्यात येत नाही. मधल्या काळात परीक्षा शुल्क, पाठांचे साहित्य, एस.टी.चा पास आणि खोलीचे भाडे कोठून आणायचे? शिष्यवृत्तीस पात्र मुलांकडून प्रवेशाच्या वेळी फी मागू नये अशा शासनाच्या सूचना आहेत, तरी काही ठिकाणी ती मागितली जातेच. अशा वेळी समाजकल्याणच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार द्यावी व पोच घ्यावी. तोंडी तक्रारीचा उपयोग होत नाही.

येथे आपल्यासारख्या संस्थांनीही विचार करावा. आपण दरवर्षी वह्या वाटतो, गुणवंतांना शाल आणि सन्मानचिन्ह देतो. त्यात वाईट काही नाही, पण सन्मानचिन्हाने एस.टी.चा पास निघत नाही. त्याच निधीतून प्रशिक्षणार्थींना काही हजार रुपये बिनव्याजी द्यावेत आणि शिष्यवृत्ती जमा झाली की ते परत घ्यावेत. परत आलेला पैसा पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलाला देता येईल. सभासदांनी येत्या वार्षिक सभेत या सूचनेवर चर्चा करावी.

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांनी कागदपत्रांची तयारी आजच सुरू करावी. जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा गावच्या जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा शोधून ठेवावा. जात वैधता प्रमाणपत्राला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज कनिष्ठ महाविद्यालयामार्फत बारावीच्या निकालाआधीच समितीकडे जायला हवा. बँक खाते स्वतःच्या नावे असावे आणि ते आधारशी जोडलेले आहे ना, हे बँकेत जाऊन पाहून यावे.