फॉरमॅट मारण्याआधी दोन मिनिटं थांबा!

माळ्यावरचा पीएस-२ खाली उतरला, पण डिस्क काही फिरेना. आता गेम पेनड्राइव्हवरून चालवायचाय? मग फॅट-३२, एक्सफॅट की एनटीएफएस, हा प्रश्न येणारच.

नागपूरचा मे महिना. दुपारी बारा ते पाच घराबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. कूलरसमोर लोळून लोळून कंटाळा आला की घरातलं कुणीतरी माळ्यावर चढतं आणि एक धुळकट खोकं खाली येतं. दादाचा पीएस-२, नाहीतर मावशीनं परदेशातून आणलेला निन्टेन्डो वी. वायरी सापडतात, कंट्रोलर सापडतो, टीव्हीवर चित्रही येतं. डिस्क टाकली की मात्र नुसती घरघर. ड्राइव्हची लेझर थकलेली असते.

इथून पुढचा रस्ता तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. होमब्रू, म्हणजे हौशी प्रोग्रामर मंडळींनी कन्सोलसाठी लिहिलेलं सॉफ्टवेअर. त्यातलाच एक प्रकार लोडर. गेमची कॉपी हार्ड डिस्कवर ठेवायची आणि लोडरनं ती तिथून चालवायची. लेझरला कायमची सुट्टी. पीएस-२ साठी ओपन पीएस-२ लोडर, म्हणजेच ओपीएल. वीसाठी यूएसबी लोडर जीएक्स. दोन्ही फुकट.

मग येतो सल्ला. ग्रुपवर विचारलं की एक जण म्हणतो, ‘फॅट-३२ कर.’ दुसरा म्हणतो, ‘ते जुनं झालं बे, एक्सफॅट टाक.’ तिसरा म्हणतो, ‘भाऊ, एनटीएफएस ठेव, काई होत नाई.’ गंमत म्हणजे तिघंही आपापल्या कन्सोलपुरते बरोबर असू शकतात. म्हणून कोणता फॉरमॅट चांगला, हे विचारण्याआधी दुसरं काहीतरी विचारा: हा ड्राइव्ह वाचणार कोण?

फॉरमॅट म्हणजे शेवटी काय? लायब्ररीतलं रजिस्टर. कोणतं पुस्तक कोणत्या कपाटात, किती पानांचं, हे लिहायची एक पद्धत. तुमचा लॅपटॉप सगळ्या पद्धतींची रजिस्टरं वाचतो, म्हणून तुम्हाला फरक जाणवत नाही. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या कन्सोलला मात्र लोडर लिहिणाऱ्यानं जेवढं शिकवलं तेवढंच वाचता येतं.

फॅट-३२ सगळ्यांना वाचता येतं, कारण ते साधं आणि जुनं आहे. १९९६ मध्ये विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीबरोबर ते आलं. त्याची खरी अडचण एकच. फाइलचा आकार लिहायला त्यात ३२ बिट्सचीच जागा ठेवलेली आहे. त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा ४,२९,४९,६७,२९५. तेवढे बाइट्स, म्हणजे ४ जीबी, की फाइल संपली. आता पीएस-२ ची एकथरी डीव्हीडी काढा. तिच्यात साधारण ४.७ अब्ज बाइट्स मावतात. म्हणजे डिस्क काठोकाठ भरलेली असेल, तर तिची फाइल फॅट-३२ वर जाणारच नाही. ‘गॉड ऑफ वॉर २’सारखा गेम तर दुहेरी थराच्या डिस्कवर आहे, त्याचा प्रश्नच मिटला. मधल्या आणि छोट्या आकाराचे गेम मात्र खुशाल जातात. त्यामुळे आधी आपल्याकडच्या गेमच्या फाइल्सचा आकार बघा. त्या सगळ्या ४ जीबीच्या आत असतील तर पुढची निम्मी चर्चा तुमच्यासाठी नाहीच.

फॅट-३२ करायला गेलात की दुसरा धक्का बसतो. विंडोजमध्ये राइट क्लिक करून ५०० जीबीचा ड्राइव्ह फॉरमॅट करायला घ्या, यादीत फॅट-३२ दिसतच नाही. ‘हार्ड डिस्क मोठी आहे, चालणारच नाही’ असं सांगणारे इथेच तयार होतात. खरं तर साध्या ड्राइव्हवर फॅट-३२ चा विभाग २ टीबीपर्यंत जातो. ३२ जीबीची मर्यादा फॉरमॅटची नाही, त्या खिडकीची आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये असताना ती खिडकी लिहिणाऱ्या डेव्ह प्लमर यांनीच हा किस्सा पुढे सांगितला: १९९४ च्या अखेरीस त्यांनी ती तात्पुरती म्हणून बनवली, ३२ चा आकडा त्या दिवशी ठरवून टाकला आणि ती तशीच राहिली. आपल्याकडच्या ‘तात्पुरत्या’ स्पीडब्रेकरसारखं! २०२४ मध्ये विंडोज ११ च्या चाचणी आवृत्तीत कमांड लाइनपुरती ही मर्यादा २ टीबी करण्यात आली. तोवर लोक गुईफॉरमॅट किंवा रूफससारखी छोटी फुकट टूल्स वापरत आले आणि तुम्हीही तीच वापरा. क्लस्टर किंवा अलोकेशन युनिटचा आकार विचारला तर ३२ केबी निवडा.

आता आपल्या घरांत जास्त सापडतो तो पीएस-२. याचं यूएसबी पोर्ट १.१ जातीचं. कागदावरचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे दीड एमबीच्या आत. प्रत्यक्षात त्याहून कमी. तेव्हा ‘एसएसडी लावतो, मस्त पळेल’ हा विचार सोडा. बर्डीतून घेतलेला साधा पेनड्राइव्ह आणि महागडी एसएसडी या पोर्टवर सारख्याच रांगतात. गेममधले व्हिडिओ अडखळतात ते याच कारणानं. त्याचा दोष फॉरमॅटला देऊन तीन-तीनदा फॉरमॅट मारत बसू नका.

ओपीएलच्या जुन्या आवृत्त्या यूएसबीवर फक्त फॅट-३२ वाचायच्या. ४ जीबीच्या वरचा गेम असेल तर तो यूएसबीयुटिल नावाच्या प्रोग्राममधून तुकडे करून टाकावा लागे. अलीकडच्या आवृत्त्या एक्सफॅटही वाचतात, त्यामुळे तुकड्यांची कटकट गेली. मग एक्सफॅटच करायचं ना? थांबा. ओपीएल स्वतः कुठून सुरू होतंय? बहुतेक जण मेमरी कार्डवरच्या फ्री मॅकबूटमधून यूलाँचएल्फ नावाच्या मेनूत जातात आणि तिथून पेनड्राइव्हवरचं ओपीएल उघडतात. हा मेनू जुना असेल तर त्याला एक्सफॅट कळतच नाही. लोडरला ड्राइव्ह वाचता येतो, पण लोडरपर्यंत नेणाऱ्याला येत नाही! अशा वेळी ओपीएल मेमरी कार्डवर ठेवा, नाहीतर सरळ फॅट-३२ वर या. वाचणाऱ्यांची अशी साखळी असते आणि त्यातल्या सगळ्यात कमी शिकलेल्याला जे वाचता येतं, तोच तुमचा फॉरमॅट.

पीएस-२ चं आणखी एक दुखणं म्हणजे फाइलचे विखुरलेले तुकडे. जुने गेम उडवून त्या जागेत नवे भरत गेलात की एकच फाइल ड्राइव्हवर चार ठिकाणी पसरते. लॅपटॉपला फरक पडत नाही, ओपीएल मात्र गेम तुकड्यांत आहे म्हणून नकार देतं. उपाय अगदी देशी आहे: सगळं पीसीवर काढून घ्या, ड्राइव्ह कोरा करा आणि गेम एकामागून एक कॉपी करा. चार खिडक्या उघडून एकदम नाही.

एनटीएफएसवाला मित्र पूर्ण चुकीचा नाही, ते असं. ओपीएल नेटवर्क केबलनंही चालतं. गेम पीसीवर, पीएस-२ ला लॅनची वायर. तिथे ड्राइव्ह वाचतो पीसी आणि कन्सोलकडे नुसता डेटा येतो. म्हणून फॉरमॅट एनटीएफएस असला काय अन् आणखी काही असला काय, पीएस-२ ला त्याचा पत्ताही लागत नाही. व्हिडिओ अडखळणंही बरंच कमी होतं. घरात जुना पीसी असेल तर मला हाच मार्ग सगळ्यात आवडतो.

निन्टेन्डो वीची गोष्ट वेगळी. सुरुवातीच्या लोडरांसाठी, २००९ च्या आसपास, डब्ल्यूबीएफएस नावाचा खास फॉरमॅट निघाला. अख्खा विभाग फक्त वीच्या गेमसाठी. विंडोजला तो ओळखू येत नाही, त्यामुळे असा ड्राइव्ह लॅपटॉपला लावला की ‘वापरण्याआधी फॉरमॅट करा’ अशी पाटी येते. कुणीतरी भाबडेपणानं ‘हो’ दाबतं आणि सगळं संग्रहालय एका क्लिकमध्ये साफ. दादाच्या काळातला ड्राइव्ह सापडला आणि ही पाटी आली तर ‘कॅन्सल’ करा. आधी वी बॅकअप मॅनेजरमध्ये तो उघडून बघा.

आज या फॉरमॅटची गरज नाही. यूएसबी लोडर जीएक्स फॅट-३२ आणि एनटीएफएस दोन्ही वाचतं. तरी वीसाठी फॅट-३२ च करा, कारण पुन्हा तीच साखळी: होमब्रू चॅनल फॅटच वाचतं आणि गेमक्यूबचे गेम चालवणाऱ्या निन्टेन्डॉन्टसाठीही फॅट-३२ च नेहमीचा भरवशाचा. ४ जीबीची चिंता इथे जवळपास नाहीच. वीच्या डिस्कवरची रिकामी भरताड वगळून .डब्ल्यूबीएफएस फाइल बनते, ती बहुतेकदा मर्यादेच्या आत बसते. मोठी झाली तर प्रोग्राम आपणहून तिचे दोन भाग करतो. (हो, फाइलचं आडनाव आणि जुन्या फॉरमॅटचं नाव एकच. गोंधळ तिथूनच सुरू होतो.) ड्राइव्हची पार्टिशन पद्धत एमबीआर असू द्या, जीपीटी नको.

बाकीचे पटकन. पीएस-३ मुळातच बाहेरचा ड्राइव्ह फॅट-३२ असला तरच वाचतो. एनटीएफएससाठी होमब्रूची वेगळी जोड लागते. स्विचच्या कार्डवर एक्सफॅट चालतं, पण होमब्रू वापरताना त्यावरचा डेटा बिघडल्याच्या तक्रारी इतक्या आहेत की जाणकार फॅट-३२ च सुचवतात.

डेटा बिघडतो तो बहुतेकदा लिहिताना. आपल्याकडे मे-जूनमध्ये संध्याकाळी वावटळ उठली की पहिले लाइट जाते. एनटीएफएस काय करायचं होतं याची आधी नोंद ठेवतं, म्हणून मध्येच वीज गेली तरी सावरतं. फॅट-३२ आणि एक्सफॅटमध्ये ती सोय नाही. फॅट-३२ निदान आपल्या तक्त्याच्या दोन प्रती ठेवतं, एक्सफॅट सहसा एकच. म्हणून कॉपी करायचं काम लॅपटॉपवर, बॅटरी भरलेली असताना करा आणि ड्राइव्ह ‘इजेक्ट’ करूनच काढा. सगळ्यात महत्त्वाचं, गेमचा ड्राइव्ह वेगळा ठेवा. ज्यात फायनल इयरचा प्रोजेक्ट आणि ताईच्या लग्नाचे फोटो आहेत, तो ड्राइव्ह या कामाला घेऊच नका. फॉरमॅट करताना बाकीचे सगळे पेनड्राइव्ह काढून ठेवा. यादीत चुकीचं अक्षर निवडायला एक सेकंद पुरतो.

आता कायदा, कारण तो टाळून हा विषय पुढे नेता येत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ तुमच्याकडे रीतसर असलेल्या संगणक प्रोग्रामची, तो हरवू किंवा खराब होऊ नये म्हणून, बॅकअप प्रत काढू देतं. २०१२ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ६५-ए सांगतं की हक्कभंगाच्या हेतूनं संरक्षणाचं कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. स्वतःच्या डिस्कची प्रत आणि कुठूनतरी उतरवलेले पाचशे गेम भरून मिळणारी हार्ड डिस्क, यात फरक आहे. दुसरी वस्तू विकत घेऊ नका.

स्वतःच्या डिस्कची प्रत काढायला आपल्याकडे एक खास कारणही आहे. पीएस-२ चं उत्पादन जानेवारी २०१३ मध्ये थांबल्याचं सोनीनं जाहीर केलं. त्याआधीच्या चार-पाच वर्षांत भारतात बनलेले काही गेम या कन्सोलवर आले. २००९ मध्ये हैदराबादच्या ऑरोनाचा ‘हनुमान: बॉय वॉरियर’. त्याच वर्षी पतंग, विटी-दांडू, कबड्डीवाला ‘देसी अड्डा’. २०१० मध्ये मुंबईच्या ट्राइन गेम्सचा ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’. खेळ म्हणून ते ग्रेट होते असं मी म्हणणार नाही. पण गल्लीतलं क्रिकेट जपानच्या कन्सोलवर आणायचा तो आपल्या लोकांचा पहिला-पहिला प्रयत्न होता आणि यांची डिस्क आज दुकानात जाऊन मिळत नाही. तुमच्या खोक्यात यातली एखादी असेल, तर सुरुवात तिच्यापासून करा.

मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. पीएस-२ ची डिस्क लॅपटॉपच्या किंवा पीसीच्या साध्या डीव्हीडी ड्राइव्हमध्ये वाचली जाते; इमगबर्नमधून तिची आयएसओ फाइल बनवा. ही मूळ फाइल पीसीवर एनटीएफएसमध्ये राहू द्या, तुकडे न करता. पेनड्राइव्हवर जाईल ती तिची कॉपी.