पुढच्या दातातील वाकडी वाट

क्रिकेटचा चेंडू तोंडावर बसला, पुढच्या दाताचा आतील मगज मेला, की दंतवैद्य ‘रूट कॅनाल’ सुचवतात. दाताच्या मुळातील अरुंद नलिका साफ करायची, जरा रुंद करायची आणि भरून टाकायची, असे हे काम. हत्यार म्हणजे चक्क कानस. मात्र सुईसारखी बारीक. १५ क्रमांकाच्या कानशीचे टोक ०.१५ मिलिमीटर जाड, ३० क्रमांकाचे ०.३० मिलिमीटर.

वरच्या पुढच्या दाताची नलिका बहुधा सरळच असते. मग अडचण कोठे? हा दात हसताना दिसतो, म्हणून भोक पाडतात ते मागून, जिभेच्या बाजूने. कानस साहजिकच तिरपी शिरते.

एक प्रयोग करून पाहा. प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळीला टोकाच्या जरा खाली, एका बाजूस छिद्र पाडा. त्यातून सायकलच्या ब्रेकच्या केबलमधील एक बारीक तार आत सरकवा. तार समोरच्या भिंतीला टेकते आणि तिलाच घासत पुढे जाते. वाकवलेली तार सरळ होऊ पाहते ना!

दातात हेच घडते. भोकाची दाताच्या धारेकडील कड, जिभेकडील फुगीर खांदा आणि खोलवर ओठाकडील भिंत, अशा तीन ठिकाणी कानस दाबली जाते. ओठाकडील भिंत जास्त झिजते. समोरच्या भिंतीवरचा मळ, जंतूंसह, तसाच राहू शकतो. पुढे मुळाशी पुन्हा पू होऊ शकतो तो अशानेही.

हा दाब जाडीबरोबर झपाट्याने वाढतो. सळईचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. व्यास दुप्पट, तर ताठरपणा १६ पट! (कानस मुठीकडे जाड होत जाते, म्हणून हा हिशेब टोकापुरताच.) निकेल-टायटॅनियमच्या कानशीचा पहिला प्रयोग १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. ती पोलादापेक्षा पुष्कळ लवचीक, त्यामुळे दाब घटतो. पण तिरपी वाट तिरपीच राहते.

वाट सरळ करायची तर भोक धारेकडे वाढवावे आणि तो खांदा तासावा. पण खांदा दाताच्या मानेजवळ असतो, आणि चावताना दात वाकतो तोही तेथेच. फार तासले तर दात मानेशी मोडण्याची भीती. म्हणून काही दंतवैद्य भोक धारेच्या अगदी जवळ, पण लहान ठेवतात. वाट सरळ मिळते, खांदाही वाचतो. तुमच्या वयात मात्र मगजाची दोन शिंगे धारेजवळ कोपऱ्यांत पसरलेली असतात. भोक फारच अरुंद केले तर तेथे मगज उरतो आणि दात काळवंडतो. म्हणून तरुण दातात भोक त्रिकोणी पाडतात, रुंद बाजू धारेकडे ठेवून.