'हाकणे' कुठे कुठे चालतं?
बैलगाडीवाला कासरा सैल सोडतो, जिभेने च्यक् च्यक् करतो आणि बैल चालू लागतात. चाबूक नंतर, आधी आवाज. 'हाकणे' हा 'हाक'चाच सगासोयरा! बैलांवरून हे क्रियापद गाडीवर गेलं, तिथून संसाराच्या गाड्यावर आणि कारभारावर. एसटी हाकता येते, मिक्सर मात्र चालवायचा. यंत्र जागचं हललं तरच ते हाकायचं. (तरीही विमान हाकलं म्हणालात तर लोक हसतील.) माणसांच्या बाबतीत जरा जपून. 'साहेब ऑफिस हाकतात' यात कौतुक कमी, टोमणाच जास्त. मध्ये एक 'ल' घुसला की झालं 'हाकलणे', म्हणजे थेट दाराबाहेर! माश्या मात्र 'ल' नसतानाही ताटावरून हाकता येतात.