अंगावर जाणं, अंगावर काढणं

मासा ताजा की शिळा, हे कळायला पालघरजवळच्या सातपाटीच्या कोळणीला कल्ला उघडून पाहावा लागत नाही. नाकच सांगतं. ताज्या पापलेटला नुसता समुद्राचा वास असतो. बर्फ कमी पडला, ऊन लागलं की तोच वास उग्र होतो. हा उग्र वास ट्रायमिथिलअमाइन या रसायनाचा. त्याचं बिनवासाचं रूप समुद्री माशाच्या अंगात असतंच. मासा मेल्यावर जंतू त्याचं वासाच्या रूपात रूपांतर करतात. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे येणाऱ्या एका अगदी नेहमीच्या तक्रारीच्या मुळाशीही हेच रसायन असतं.

निरोगी योनीमार्ग आंबट असतो. दही लावणाऱ्या जंतूंचे भाऊबंद, लॅक्टोबॅसिलस, तिथे लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि सामू (पीएच) ३.८ ते ४.५ इतका ठेवतात. या आंबटपणात परके जंतू तग धरत नाहीत. लॅक्टोबॅसिलस कमी झाले की दुसऱ्या जंतूंचं फावतं आणि त्यांच्यातून ट्रायमिथिलअमाइन तयार होतं. मग पातळ, करडट पांढरं पाणी जायला लागतं आणि त्याला माशासारखा वास येतो. वीर्य आणि रक्त दोन्ही अल्कधर्मी, त्यामुळे शरीरसंबंधानंतर किंवा पाळीच्या दिवसांत तो वास वाढतो. आम्लात हे रसायन बांधलं जातं, अल्कात मोकळं होऊन उडतं. माशाला लिंबू चोळण्यामागचं शास्त्र हेच. डॉक्टर तपासताना बरोबर उलटं करतात: स्रावावर अल्काचा थेंब टाकतात आणि वास येतो का पाहतात.

आता दिवसभर मासळीत हात असलेल्या बाईला हा वास वेगळा जाणवावा कसा? जाणवला तरी हातचा उपाय साबणाचा, आणि साबण अल्कधर्मी. आतून साबणाने धुतलं की उरलेसुरले लॅक्टोबॅसिलसही जातात. लिंबू, व्हिनेगर, डेटॉल यांपैकी काहीच आत वापरायचं नाही. बाहेरून साधं पाणी पुरे. योनी स्वतःला स्वच्छ ठेवते. त्रास असेल तर डॉक्टरांनी लिहून दिलेल्या मेट्रोनिडॅझोलसारख्या औषधाने तो काही दिवसांत जातो.

दह्यासारखं घट्ट पांढरं आणि सोबत खाज असेल तर बहुधा बुरशी. असं पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्यावी. हिरवट-पिवळं, फेसाळ पाणी असेल तर औषध नवऱ्यालाही घ्यावं लागतं, नाहीतर दुखणं फिरून घरी येतं. आणि दोन पाळ्यांच्या मधोमध अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखा चिकट, पारदर्शक स्राव दिसला तर तो आजारच नव्हे. आपल्याकडे ‘अंगावरून जातंय’ म्हटलं की त्यात पांढरंही आलं आणि लालही. म्हणून डॉक्टरांना रंग, वास आणि किती दिवसांपासून, हे सांगा. उपचार निम्मा तिथेच ठरतो.

पण सांगायला जायचं कुणी? अंगावर जाणं बाया अंगावर काढतात. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेले आकडे असे: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. ती गावं जंगलातली, सातपाटी समुद्रकाठची, पण तोंड मिटून सोसायची सवय दोन्हीकडे सारखी आहे असं मला वाटतं.

डोक्यावर भरलेली पाटी घेऊन पहाटे निघणाऱ्या बाईला आणखी एक धोका. बाळंतपणांत ओटीपोटाचे स्नायू सैल होतात आणि वर्षानुवर्षांच्या ओझ्याने, खोकल्याने, बद्धकोष्ठाने गर्भाशय खाली सरकतं. ‘अंग बाहेर येतं’ ते हे. सुरुवातीला स्नायूंचे व्यायाम पुरतात, पुढे आधार देणारी कडी बसवता येते, गरज पडली तरच शस्त्रक्रिया. बाजारात स्वच्छतागृह नाही म्हणून लघवी तासन्‌तास रोखली, त्यासाठी पाणीच कमी प्यायलं, तर मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका वाढतो. त्याचा दोष मात्र बाईच्या नव्हे, बाजार बांधणाऱ्यांच्या माथी.

पाळी सात दिवसांहून जास्त चालली, तासा-तासाला पॅड बदलावं लागलं, रक्ताच्या मोठ्या गाठी पडल्या, दोन पाळ्यांतलं अंतर २१ दिवसांच्या आत आलं, किंवा पाळीत दुखून अंथरूण धरावं लागलं तर तपासणी हवी. पाळी चुकली आहे आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखतंय, चक्कर येतेय, तर थांबायचं नाही. गर्भ नळीत राहिला असू शकतो आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

अंगावर काढण्याचं दुसरं टोक म्हणजे ‘गर्भपिशवी काढून टाका’. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांचं प्रकरण २०१९ साली गाजलं. ८२,००० हून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३,००० हून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. गर्भाशयातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात आणि पाळी गेल्यावर आक्रसतात. पिशवीबरोबर बीजकोशही लवकर काढले तर हाडं ठिसूळ होतात. कुणी पहिल्याच भेटीत ऑपरेशनची तारीख दिली तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या, मग ते पालघरला असो, बोईसरला की मुंबईला.

शेवटचं पुन्हा आंबटच. मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियल रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका गर्भाशयाच्या मुखाला पातळ व्हिनेगर लावून पाहत. बिघडलेल्या पेशी पांढऱ्या दिसतात. या साध्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तिशीनंतर अशी तपासणी करून घ्यावी. जवळच्या आरोग्य केंद्रात आशाताईंकडे चौकशी करा. संबंधानंतर रक्त गेलं तर तिशीची वाट पाहू नका.

आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर लाल थेंब एकदा जरी दिसला, तरी त्या दिवशी पाटी घरी ठेवा आणि पालघरची एसटी पकडा.