पोलादाच्या कास्टिंगमध्ये भोकं : अ‍ॅल्युमिनियम वाढवण्याआधी भोक नीट बघा

बेळगाव : पाऊस सुरू झाला की फौंड्रीत एक वाद हमखास सुरू होतो. कास्टिंग मशिन शॉपला जातं, वरचा दोन-तीन मिलिमीटरचा थर निघतो आणि खाली सुईनं टोचल्यासारखी भोकं दिसतात. माल परत येतो. भट्टीवाला म्हणतो सँड ओली होती, मोल्डर म्हणतो रसच खराब होता. शेवटी पुढच्या हीटला अ‍ॅल्युमिनियम थोडं जास्त टाकायचं ठरतं. बऱ्याचदा भोकं तशीच राहतात.

उद्यमबाग, मच्छे काय किंवा पलीकडे कोल्हापूरची शिरोली, गोकुळ शिरगाव काय, या पट्ट्यात मुख्य काम बिडाचं. पोलाद ओतणारे कमी, पण त्यांना हा दोष जास्त महागात पडतो. पोलाद थिजताना बरंच आकसतं, म्हणून मोठे रायझर द्यावे लागतात. ५० किलोच्या कास्टिंगसाठी ९०-१०० किलो रस लागू शकतो. माल रिजेक्ट झाला की हाती येतो फक्त स्क्रॅपचा भाव. वीज, सँड, मजुरी आणि मशिनिंगचा वेळ पाण्यात.

वायू येतो कुठून?

पातळ पोलादात वायू विरघळून राहतो. रस थिजला की ती क्षमता एकदम घटते. हायड्रोजनच्या बाबतीत ती साधारण एक तृतीयांशावर येते. उरलेला वायू बाहेर पडायला वाट शोधतो. वरची साल आधी थिजली असेल तर तो आत अडकतो. तेच भोक.

वायू मुख्यतः तीन. हायड्रोजन येतो ओलाव्यातून : गंजलेला किंवा तेलकट स्क्रॅप, दमट फेरोअ‍ॅलॉय, न सुकलेलं लेडल, ओली सँड. नायट्रोजन येतो हवेतून आणि युरिया असलेल्या रेझिनमधून. तीच सँड पुन्हा पुन्हा वापरली की तो साठत जातो. तिसरा कार्बन मोनॉक्साइड. रसातला ऑक्सिजन नीट मारला नाही, तर थिजताना तो कार्बनशी मिळून हा वायू तयार करतो.

याशिवाय साच्यातून किंवा कोअरमधून निघालेला वायू थेट रसात घुसतो. त्याची भोकं मोठी असतात.

आधी भोक वायूचंच आहे ना?

वायूचं भोक गोलसर आणि आतून गुळगुळीत असतं. आतला भाग खडबडीत, फाटल्यासारखा असेल आणि जागा जाड भागात किंवा रायझरच्या मानेशी असेल, तर तो बहुधा श्रिंकेज. तिथे रायझर किंवा चिल बदलावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमचा त्यात काही उपयोग नाही.

दोष रसाचा की साच्याचा?

याचं उत्तर बरंचसं भोकांच्या जागेवरून मिळतं.

– एकाच हीटच्या सगळ्या कास्टिंगमध्ये, पॅटर्न वेगळे असूनही भोकं : रस तपासा.
– वेगवेगळ्या हीटमध्ये, पण एकाच पॅटर्नच्या एकाच जागी : कोअर, व्हेंट आणि रॅमिंग तपासा.
– फक्त नव्या अस्तराच्या लेडलमधून ओतलेल्या मालात : लेडल सुकलेलं नाही.
– रायझर आत खचायच्या ऐवजी वर फुगून आला : ऑक्सिजन मारला गेला नसण्याची शक्यता मोठी.

शेवटच्या गोष्टीची परीक्षा ओतण्याआधीच घेता येते. छोट्या साच्यात थोडा रस ओता. थिजताना माथा खचला तर रस शांत आहे. ठिणग्या उडवत वर आला तर अजून ओतायचा नाही.

अ‍ॅल्युमिनियम का पुरत नाही?

अ‍ॅल्युमिनियम ऑक्सिजन मारतं, हायड्रोजन काढत नाही. उलट ऑक्सिजन कमी झालेला रस ओलाव्यातून हायड्रोजन अधिक सहज ओढतो. म्हणजे लेडल दमट असताना अ‍ॅल्युमिनियम वाढवलं तर भोकं वाढूही शकतात. नायट्रोजन जास्त असलेल्या जाड कास्टिंगमध्ये जादा अ‍ॅल्युमिनियममुळे पोलाद ठिसूळही होतं.

आर्क फर्नेसमध्ये रसाला उकळी आणतात, तिच्याबरोबर बराच हायड्रोजन निघून जातो. इंडक्शन फर्नेसमध्ये ही सोय जवळजवळ नसते. त्यामुळे चार्जबरोबर आत गेलेला ओलावा मालात उतरतो.

पावसाळ्यात काय करायचं?

महागडी यंत्रं नंतर. आधी स्क्रॅप आणि फेरोअ‍ॅलॉय छपराखाली ठेवा, फेरोअ‍ॅलॉय तापवून वापरा. लेडल नुसतं कोमट नको, आतून लाल होईपर्यंत तापवा. ग्रीन सँडचा ओलावा ३ ते ४ टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि तो हातानं दाबून नाही, तर पाळीत दोन-तीनदा मोजून बघा. रात्रभर उघड्यावर राहिलेले कोअर पुन्हा तापवल्याशिवाय बसवू नका. गंजलेले चॅपलेट बाजूला काढा. ओला स्क्रॅप रसाखाली गेला तर पाण्याची क्षणात वाफ होऊन रस उसळतो, आणि भट्टीसमोर माणूस उभा असतो. त्यामुळे कोरडा चार्ज हा रिजेक्शनच्या आधी जिवाचा प्रश्न आहे.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. हीट नंबर, सँडचा ओलावा, लेडल कितवं आणि भोक कुठे, एवढं वहीत लिहिलं तरी पुरे. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि भोकं थांबली, तर कशामुळे थांबली ते कळत नाही. मग पुढच्या पावसात तोच वाद पुन्हा.